पुढे पाठवलेला आवाज

मी काच जोडतो. कुणी कामधंदा विचारला की एवढंच सांगतो, आणि समोरचा हटकून विचारतो, "खिडकीची का?" खिडकीची नव्हे. जमिनीखालून गावोगाव जी केबल गेली आहे, तिच्या पोटात केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात. त्या तारांतून उजेड पळतो आणि त्या उजेडावर स्वार होऊन तुमचं बोलणं, फोटो, बँकेची कामं, लेकरांचे ऑनलाइन क्लास इकडून तिकडं जातात. तार तुटली की मोबाईलचा टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. मग आम्हाला फोन येतो, आणि आम्ही मशीन, छत्री आणि पाण्याची कॅन गाडीत टाकून निघतो.

सव्वीस वर्षं झाली या कामाला. सुरुवात तांब्याच्या तारांवर केली. नवीन जालन्यातल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरचे काळे फोन आम्ही खांबावर चढून चालू ठेवायचो. तेव्हा तार तुटली तर एका घरचा फोन बंद पडायचा, आणि त्या घरचे लोक आम्हाला चहा पाजायचे. आता तुटली तर पाच-सात गावं बंद पडतात आणि चहाऐवजी शिव्या मिळतात. गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची. बियाण्याच्या एका व्यापाऱ्यानं नेटच्या डबीला धूळ लागू नये म्हणून शिंप्याकडून मखमली झूल शिवून घेतली होती. डबी तापून बंद पडायची आणि शेठ मला दर आठवड्याला बोलवायचे. झूल काढा म्हटलं तर म्हणाले, "एवढ्या हौसेनं शिवली हो." शेवटी झुलीला मीच कात्रीनं खिडक्या पाडून दिल्या.

असल्या गमती पुष्कळ आहेत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्याच लिहायच्या असं ठरवलं होतं. दोन पानं लिहिलीही. पण लिहिताना हात थांबायचा, मी उठून अंगणात फेऱ्या मारायचो. बायको म्हणाली, "जे लिहायचं ते सोडून दुसरंच लिहिताय, म्हणून बसवत नाही तुम्हाला." तिचं बरोबर होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीची ती एकच गोष्ट लिहितो. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहीत नाही. आष्टीच्या पुढं, शेवटचा टॉवर असलेलं गाव, एवढं पुरे.

आधी कामाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. केबल कुठं तुटली हे आम्ही डोळ्यांनी शोधत नाही. आमच्याकडं एक मशीन असतं. ते तारेत उजेड सोडतं, तुटल्या जागेवरून उजेड मागं फिरतो आणि मशीन सांगतं, इथून इतक्या मीटरवर. मग तिथं जायचं, खड्डा करायचा, तारेची दोन टोकं साफ करायची आणि विजेच्या ठिणगीनं ती एकमेकांत वितळवायची. धुळीचा एक कण मध्ये आला तरी जोड वाया जातो, म्हणून एक जण जोडतो आणि दुसरा आडोसा धरतो. माझा आडोसा धरणारा विलास. अठरा वर्षं आम्ही एकाच गाडीत फिरलो, एका डब्यात जेवलो. त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता वाटायला मी होतो.

काम झालं की मोबाईलवर अहवाल भरायचा. त्यात तुटण्याचं कारण निवडावं लागतं: खोदकाम, नांगर, उंदीर, आग, तोडफोड. तोडफोड लिहिलं की कंपनीचा माणूस थेट पोलिसात तक्रार देतो. बाकी कारणांना कुणी काही विचारत नाही.

तर त्या गावाची केबल एका महिन्यात तीनदा तुटली. तीनही वेळा मशीननं आष्टीपासून सात किलोमीटर आणि वर काही मीटर दाखवलं. तिथं ओढ्यावर एक छोटा पूल आहे. पुलाच्या कडेला केबल हातभर जमिनीबाहेर येते आणि लोखंडी पाइपात शिरते. पहिल्या दोन वेळी विलास बरोबर होता. कापल्याची खूण सरळ होती, एका घावाची. विलास म्हणाला, "हे उंदराचं काम न्हाई, सुधाकरराव. उंदराला कुऱ्हाड धरता येत न्हाई." आम्ही हसलो आणि जोडून आलो.

तिसऱ्या वेळी विलास लग्नाला गेला होता. मी एकटाच गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. पुलाच्या कठड्यावर एक साठीचा माणूस बसला होता. डोक्याला लाल रुमाल, खांद्यावर घोंगडी, मांडीवर कुऱ्हाड. खाली ओढ्यात त्याची मेंढरं चरत होती.

"मामा," मी विचारलं, "ही तार तोडताना कुणी दिसलं का तुम्हाला?"

"म्या तोडली," तो म्हणाला. "मागच्या दोन्ही टायमाला बी म्याच तोडली. तुमी येऊन जोडता, म्हून आज बसून राह्यलो. म्हन्लं, बघू तरी कोन येतंय."

इतकी सरळ कबुली मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. मी मशीन खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ बसलो. नाव विचारलं. किसन.

"कामून तोडता, किसनमामा?"

त्यानं उलट मलाच विचारलं, "ह्याच्यातून काय काय जातं, सांगा बरं."

मी आमची नेहमीची यादी सांगितली. फोन, फोटो, पिच्चर, बँक, राशनचं मशीन.

"आवाज?"

"आवाज तर जातोच."

"मंग माझ्या पोरीचा आवाज बी ह्याच्यातूनच आल्ता गावात."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या अश्विनीचा साखरपुडा झाला होता. मुलगा अंबडकडचा. "साखरपुडा झाल्यावर आजकाल पोरं-पोरी फोनवर बोलतेत. समदेच बोलतेत. आमी बी काई म्हन्लं न्हाई. त्यानं तिला न सांगता समदं बोलणं मोबाईलमधी भरून घेतलं. मंग त्याला दुसरी सोयरीक आली. सोयरीक मोडायला काई तरी कारण पाह्यजे ना? म्हून आमचीच पोरगी खराब हाये असं दाखवाया तिचं बोलणं लोकांला पाठवून दिलं."

पुढचं मला ऐकायचं नव्हतं, पण तो थांबला नाही.

"परतूरला कॉलेजात जात व्हती. पोरं बसमधी तेच लावायचे, मोठ्यानं. ती मागं बसलेली असायची. आता घराबाहेर निघत न्हाई. बोलत बी न्हाई कुनाशी. घरात बोलायची बी बंद झाली. म्या म्हन्लं, ज्या तारेतून हे आलं ती तारच ठेवायची न्हाई."

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता. ती क्लिप त्याच्यात होती. एक मुलगी हसत हसत बोलते आहे आणि पलीकडचा तिला मुद्दाम बोलतं करतो आहे, अशी. दोनेक महिन्यांपूर्वी विलासनं मला पाठवली होती. मुलगी कोण, कुठली, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

किसनमामानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी न्हाई ना ऐकली?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

पुढं बोलायचं तर काहीतरी कामाचं बोलावं म्हणून मी सांगत सुटलो. मामा, तार तोडून ते थांबत नाही. ते आता तारेत नाहीच. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये जाऊन बसलंय. तार तोडल्यानं फक्त राशनचं मशीन बंद पडलंय. येताना दुकानापुढं बाया पिशव्या घेऊन बसलेल्या मी पाहिल्या होत्या. अंगठा लागत नाही म्हणून कालपासून हेलपाटे घालत होत्या.

"आमचं बी राशन आडकलंय," तो म्हणाला. "म्हंजी उपयोग न्हाई म्हन्ता."

"बिलकुल न्हाई."

त्यानं कुऱ्हाड कठड्यावर ठेवली. "मंग जोडा."

वारा सुटला होता. एका हातानं छत्री आणि एका हातानं तार, असं ते जमेना. दोन जोड वाया गेले. तेव्हा किसनमामा न सांगता उठला, खांद्यावरची घोंगडी काढली आणि वाऱ्याकडं आडवी धरून उभा राहिला. पाऊण तास. हात भरून आले तरी हलला नाही. मी खाली मान घालून एकेक तार जोडत राहिलो. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. त्या पाऊण तासात मी एकदाही वर पाहिलं नाही.

अहवालात मी उंदीर लिहिलं. ऑफिसनं कुरतडल्याचा फोटो मागितला, तर एमआयडीसीतल्या एका जुन्या कामाचा फोटो पाठवून दिला. जाताना किसनमामानं माझा नंबर मागून घेतला. म्हणाला, "पुन्यांदा तुटली तर म्या न्हाई, हे सांगाया."

घरी आलो आणि जेवणाआधी मोबाईल उघडला. क्लिप सापडायला वेळ लागला नाही. तो दिवसही आठवला. एमआयडीसीत लोखंडाच्या एका कारखान्याचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत विलासनं क्लिप लावली, आम्ही दोघं हसलो, त्यानं ती मला पाठवली आणि मी डबा झाकता झाकता पुढं ढकलली. कुणाला? आष्टीतल्या माझ्या मेव्हण्याला. बाळूचं बाजारात बियाण्याचं दुकान आहे. खाली हसणारी तीन तोंडं टाकली होती. मोबाईल आता विचारत होता, 'माझ्यापुरतं काढून टाकायचं का?' सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत कधीच संपली होती.

बाळूला फोन लावला. "ती क्लिप तू पुढं कुणाला दिल्ती का?"

"कोन्ती? ती पोरीची? मी बाजाराच्या ग्रुपवर टाकली ना. लई चालली, दाजी. तिकडच्या गावांत आमच्याच ग्रुपवरून गेली." त्याच्या आवाजात कौतुक होतं.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझं कामात लक्ष लागेना. टेबलावर मोबाईल थरथरला तरी दचकायचो. ग्रुपवर कुठलीही क्लिप आली की न उघडता बाजूला सरकवायचो, आणि विलास विचारायचा, "तब्येत बराबर हाय ना?" मी त्याला काही बोललो नाही. किसनमामाची गाठ पडल्याचंही नाही.

आठवड्याभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज. पहिल्याच शब्दाला मी ओळखला.

"काका, तुम्ही नेटवाले ना? मी किसनरावांची अश्विनी. बाबांनी नंबर दिला. एखादी क्लिप पहिल्यांदा कुठून निघाली, ते तुमच्या मशीनवर समजतं का?"

"आमच्या मशीनवर नाही समजत, बाळा."

"मग माझ्याकडं आहे ते तरी बघता का? पोलिसात द्यायचंय. चूक नको व्हायला."

बाजाराच्या दिवशी आष्टीत भेटायचं ठरलं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात बाप-लेक आधीच येऊन बसले होते. बावीस वर्षांची मुलगी, ओढणी घट्ट गुंडाळलेली, पण मान वर. ती घरात गप्प बसून काय करत होती ते मला तेव्हा कळलं. तिनं दोनशे पानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. गावातल्या एकेका घरी तिनं आईला पाठवलं होतं, मैत्रिणींना पाठवलं होतं, काहींना स्वतः फोन केले होते. तुम्हाला कुणी पाठवली? किती वाजता? नावं, तारखा, वेळा आणि बाण. नाव सांगितलं नाही त्यांच्यापुढं प्रश्नचिन्ह. बाण मागं मागं जात एका चौकटीत शिरत होते: आष्टी बाजार ग्रुप. तिथून एकच बाण एका नावाकडं गेला होता. बाळू. माझा मेव्हणा.

"ह्याच्यापुढं रस्ता सापडत नाही," ती म्हणाली. "हा माणूस म्हणतो, मला आठवत नाही. दुसऱ्या बाजूनं मुलाकडचे तीन-चार जण मला माहीत आहेत, त्यानं पहिल्यांदा कुणाला पाठवली ते. पण मधला तुकडा मिळत नाही. तो मिळाला तर तो मुलगा म्हणू शकणार नाही, की माझा मोबाईल हरवला होता आणि दुसऱ्यानं कुणी केलं."

मी सव्वीस वर्षं तुटलेली जागा शोधतो आहे. तिनं मशीन नसताना शोधली होती, आणि ती जागा तिच्यासमोर बसून चहा पीत होती.

मला उठून जाता आलं असतं. बाळूनं माझं नाव सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता. मी कप खाली ठेवला. किसनमामाकडं बघायचं धाडस नव्हतं, म्हणून वहीकडं बघत बोललो.

"बाळू माझा मेव्हणा आहे. त्याला मी पाठवली."

हॉटेलात भज्यांच्या कढईचा आवाज चालू होता. किसनमामा म्हणाला, "पुलावर तुमी न्हाई म्हन्ले व्हते."

"खोटं बोललो, मामा."

तो उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं घोंगडी खांद्यावर नीट केली आणि बाहेर जाऊन रस्त्यापलीकडं पाठ करून उभा राहिला. अश्विनी जागची हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण पेन हातात होतं.

"तुम्ही ऐकली पूर्ण?"

"हो."

"हसलात?"

"हो."

तिनं वहीत बाळूच्या मागं एक बाण काढला आणि माझं नाव विचारून लिहिलं, सुधाकर. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी पाठवली?"

स्वतःचं नाव देणं एकदाचं जमलं होतं. विलासचं माझ्या तोंडून निघेना. मी तिच्याकडं एक दिवस मागितला.

"एक दिवस," ती म्हणाली. "मोबाईलमधलं काही काढू नका."

विलासच्या घरी गेलो. तो अंगणात गाडी धूत होता. सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग त्याला कळलं की मी खरंच बोलतोय.

"तुमी माझं नाव पोलिसात देनार?"

"तू स्वतः दे. तुला कुणी पाठवली ते सांग. आपण दोघं जाऊ."

"माझ्या साडूनं पाठवली. तो त्या पोराच्या गावचा हाये. साडूला गोत्यात घालू? माझ्या बायकोला तोंड दाखवू का नको?" त्यानं पाण्याचा पाइप खाली टाकला. "अहो, पाठवली म्हंजी काय खून केला का? समद्या जिल्ह्यानं पाठवली. तुमी तेवढं काढून टाका ना मोबाईलमधून. जल्दी काढा आन् मोकळं व्हा. कोन्ती कोनाची पोरगी, तिच्यासाठी अठरा वर्षं मातीत घालून राह्यले तुमी."

मी म्हणालो, "तिच्या बापानं घोंगडी धरली, तेव्हा मी तार जोडली रे."

त्याला त्यातलं काही समजलं नाही. समजेल असं मी सांगितलंही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "जा मंग. पन परत ह्या अंगणात येऊ नका."

दुसऱ्या दिवशी अश्विनी, तिची आई आणि मी जालन्याला पोलिसांकडं गेलो. किसनमामा आला नाही. अश्विनीनं वही टेबलावर ठेवली. तिथल्या बाई अधिकाऱ्यानं पानं उलटली आणि विचारलं, "हे कुणी करून दिलं?" अश्विनी म्हणाली, "मीच." बाईंनी दुसरी खुर्ची मागवली आणि तिला शेजारी बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. माझा जबाब झाला, त्यात विलासचं आणि त्याच्या साडूचं नावही मी सांगितलं. माझा मोबाईल पाकिटात घालून मोहोर लावून ठेवून घेतला. हसणाऱ्या तीन तोंडांसकट तो अजून मुद्देमालात आहे.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मधला तुकडा मिळाल्यावर मुलाची मोबाईल हरवल्याची गोष्ट टिकली नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याची ती दुसरी सोयरीकही मोडली. खटला चालू आहे. तारखा पडतात, मी साक्षीदार म्हणून जातो आणि कधी बोलावणं होतं, कधी होत नाही. विलासला एकदा चौकशीला बोलावलं. त्यानं खरं सांगितलं, पण माझ्याशी बोलणं सोडलं. ऑफिसला सांगून दुसऱ्या गाडीवर गेला. आमच्या कामाच्या ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही, पण मी असलो की तिथं सगळे फक्त 'शुभ सकाळ' टाकतात. बाळूची बायको माझ्या बायकोची सख्खी भावजय. दोन वर्षांत घरात एकही कार्य नीट पार पडलं नाही. बायकोनं मला दोष दिला नाही, एवढंच. एकदा म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. पाठवली नसती तर आणखी बरं झालं असतं."

किसनमामा पुलावर दोन-तीनदा दिसला. माझी गाडी दिसली की मेंढरं घेऊन ओढ्याच्या पलीकडच्या काठाला जातो. मी हाक मारत नाही. ती केबल परत तुटलेली नाही. मला मात्र त्या रस्त्यानं जाताना वाटतं, तुटावी, म्हणजे तिथं थांबायला निमित्त मिळेल. आणि थांबून काय बोलणार, तेही कळत नाही.

अश्विनीनं राहिलेलं वर्ष बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण केलं. आता नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे. शेतकऱ्यांचे फोन घेते. पेरणीला अंतर किती ठेवू, उगवण कमी का झाली, असले. तिथलं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं. पोलिसात गेलो त्या दिवसापासून तिनं मला कधी फोन केला नव्हता आणि मीही केला नव्हता. हा लेख लिहून झाल्यावर मात्र करावा लागला. तिला न विचारता तिची गोष्ट दुसऱ्यांदा पुढं पाठवायची हिंमत माझ्यात नव्हती.

ती म्हणाली, "दुपारच्या सुट्टीत या. कागद घेऊन या, मोबाईलवर पाठवू नका."

गेलो. ती कानाला यंत्र लावून बसली होती. मी दाराशी उभा राहिलो. पलीकडं कुणी म्हातारा शेतकरी असावा, ती मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती. "बाबा, आधी एक ऐका. आपण जे बोलू ते इथं भरून ठेवतात. चालेल ना तुम्हाला? ... चालेल म्हणा की मंग." तो काहीतरी म्हणाला, ती हसली आणि त्याच्या सोयाबीनबद्दल विचारू लागली. हे असं विचारायला तिला कुणी सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंगची सूचना यंत्र आपोआप देतं. ती तरी विचारते.

सुट्टी झाल्यावर ती मला जिन्याजवळच्या बाकावर घेऊन गेली. डबा उघडला नाही. सगळे कागद वाचले, एकेक ओळ. बाबांचं पुलावरचं बोलणं वाचताना थांबली, मग पान उलटलं. स्वतःच्या वहीचं वाचून म्हणाली, "दोनशे पानी नव्हती, शंभर पानी होती. असू द्या." मग मागचं एक पान परत काढलं आणि तिथं तिचं बोट थांबलं. क्लिपमध्ये ती काय बोलत होती ते वाचकांना कळावं म्हणून तिथं मी तिचं एक वाक्य लिहिलं होतं. साधंच वाक्य होतं, त्यात वाईट काही नव्हतं. उलट ते वाचलं की ती किती निर्मळपणे बोलत होती ते कळेल, असं मला वाटलं होतं.

"हे तुम्हाला अजून पाठ आहे?" तिनं विचारलं.

मी खाली बघितलं.

तिनं आपल्या टेबलावरचं काळं पेन आणलं आणि त्या वाक्यावर एकदा, दोनदा, कागद फाटेल इतकी रेघ ओढली. "बाकी छापा," ती म्हणाली. "हे मी फक्त त्याच्याशी बोलले होते."

मी कागद घेऊन जिना उतरलो. ते वाक्य या लेखात नाही.